मुलांचा डिसेंबर कापू नका

परवा मुलाच्या शाळेत पालकसभा झाली. काही पालकांनी मिळून एक पत्र दिलं होतं. बालवर्गापासून दुसरीपर्यंतच्या मुलांना डिसेंबरातल्या धावपळीतून सोडवा, अशी त्यात मागणी होती. क्रीडादिन नको, सहल नको, स्नेहसंमेलनातला नाच नको, नाताळचा कार्यक्रम नको. मुलांना आणि घराला एक शांत डिसेंबर मिळू द्या. पत्र तळमळीनं लिहिलेलं होतं. ते वाचून दाखवलं तेव्हा सभेतल्या निम्म्याहून अधिक माना हलल्या. मला बोलायला दोन मिनिटं मिळाली, ती पुरली नाहीत. निर्णय पुढच्या शनिवारी व्हायचा आहे. त्याआधी माझं म्हणणं पुरतं मांडते.

मी वैतरणाला राहते आणि बोईसरला एका कारखान्याच्या कार्यालयात हिशेबाचं काम करते. नवऱ्याची नोकरी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, तीन पाळ्यांची. मुलगा दुसरीत, मुलगी बालवाडीत, घरात सासूबाई. डिसेंबर आला की काय होतं ते मला ठाऊक आहे. मार्गशीर्षातल्या गुरुवारची मांडणी आणि उद्यापनाच्या सवाष्णी. माहेरी केळव्याला चुलतभावाचं लग्न, त्याच आठवड्यात नणंदेच्या मुलाची मुंज. शाळेतून चिठ्ठी येते, सोमवारी पांढरे बूट, बुधवारी कोळ्याचा पोशाख, शुक्रवारी सहलीचे पैसे. मार्चअखेरची घाई अजून लांब असली तरी कारखान्यात वर्षाचा माल मोजायचा असतो. विरार ते डहाणू दोनच मार्गिकांवर लांब पल्ल्याच्या गाड्या आणि आमच्या गाड्या एकत्र धावतात, म्हणून एक गाडी चुकली की पुढचीसाठी फलाटावर ताटकळायचं. हे सगळं भोगूनच मी त्या पत्राला विरोध करते आहे.

पत्रातलं पहिलं म्हणणं असं की, डिसेंबरचा हा गजबजाट आपला नाहीच. बर्फ पडणाऱ्या देशांतून तो आला. आपल्याकडे ना थंडी ना बर्फ, मग त्यांच्या महिन्याची नक्कल कशाला? हे म्हणणाऱ्यांनी आपल्या किनाऱ्याचं वर्ष एकदा बोटांवर मोजून पाहावं. जूनपासून सप्टेंबर सरेपर्यंत आमच्याकडे पाऊस, मैदानात घोटाभर चिखल. ऑक्टोबरात ऊन चटके देतं आणि हवेत ओल असल्यानं अंग चिकचिकतं. मार्चमध्ये परीक्षांची तयारी आणि घामाच्या धारा एकदमच सुरू होतात. एप्रिल-मेमध्ये सकाळी दहानंतर लहान मूल अंगणात उभं करवत नाही. मुलांनी मोकळेपणानं बाहेर हुंदडावं असे उरतात नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचे तीन महिने. डिसेंबर त्यांत पुरता येतो. पहाटे पारा अठरा-वीस अंशांवर, दुपारी तिशीच्या आसपास, हवा कोरडी, आभाळ निरभ्र. शांत डिसेंबराची कल्पना ज्या देशांत रुजली, तिथे दुपारी चार वाजता अंधारतं आणि मुलं घरात कोंडली जातात. तिथल्या आईला घर निवांत करावंसं वाटलं तर ते समजण्यासारखं आहे. आमच्याकडे चार वाजता पोरं बोरीखाली असतात. नक्कल होते आहे हे खरं, पण ती सहल-क्रीडादिनांत नाही. दुसऱ्या हवेतला उपाय उचलून इथल्या मुलांवर लादणं, ही खरी नक्कल.

आणि हा गजबजाट आला कुठून? भात कापून, झोडून घरात आलेलं असतं. खाचरात उरलेल्या ओलीवर वाल टाकलेला असतो. कामाचा रेटा ओसरलेला, कणगी भरलेली, अंगात ऊब हवीशी वाटणारी हवा. माणसांनी एकमेकांकडे जायचे, लग्नं काढायचे, यात्रेला निघायचे दिवस हेच. चंपाषष्ठीला चातुर्मासात सोडलेलं वांगं पुन्हा ताटात येतं, भरीत आणि बाजरीचा रोडगा होऊन. दत्तजयंती मार्गशीर्षी पौर्णिमेला. पुढे धुंधुरमास, सूर्य उगवता उगवता मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा. सासूबाई या दिवसांत एकदा तरी उकडहंडी करतात. मडक्यात वालपापडी, कोनफळ, रताळी, वांगी, बटाटे, ओल्या लसणाचं वाटण, आणि मंद आचेवर तासन्‌तास. माझी मुलगी कोनफळाचा जांभळा काप उन्हात धरून त्यातून पलीकडे दिसतं का पाहते. हा महिना कुठल्या परदेशी कॅलेंडरातून आला, असं तिला कोण पटवून देणार?

सहा डिसेंबरला आमच्या शेजारचं कुटुंब पहाटेच्या गाडीनं दादरला जातं, चैत्यभूमीवर. धाकट्याला खांद्यावर घेऊन रांगेत उभं राहतात. येताना शिवाजी पार्कवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवरून मुलांसाठी एकेक पुस्तक आणतात. त्या घरातल्या मुलीचं पहिलं स्वतःचं पुस्तक तिथलं. या गर्दीत लहान मुलाला कशाला न्यायचं, असं तिच्या आईला कुणी विचारू नये. आपण कुणाचे आणि कुणामुळे उभे आहोत, हे त्या घरात त्या रांगेतच शिकवलं जातं.

नाताळचं तर नावच आमच्या मराठीनं पोर्तुगिजांकडून घेऊन पचवलं. वसईच्या गावांमध्ये शतकानुशतकं तो सण मराठी बोलणाऱ्या, शेती करणाऱ्या घरांत साजरा होतो. गवताचा गोठा उभारतात, दारात चांदणी टांगतात, पितळी ताटात नेवऱ्या येतात. त्याच वसईतल्या 'सुवार्ता' मासिकाचे अनेक वर्षं संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. वैतरणा खाडीच्या एका काठाला वसई तालुका, दुसऱ्या काठाला पालघर. खाडीकाठच्या सणाला पाश्चात्त्य म्हणणं म्हणजे शेजाऱ्याला परका ठरवणं. आमच्या शाळेत २४ डिसेंबरला साने गुरुजींची जयंती होते. गुरुजींचा जन्म १८९९ चा, कोकणातल्या पालगडचा. त्या दिवशी मुलं गोष्टी सांगतात आणि दुसऱ्या दिवशी मैत्रिणीच्या घरचा गोठा बघायला जातात. दोन्ही दिवस त्यांच्या लेखी एकाच आठवड्याचे आहेत. पत्र लिहिणाऱ्यांनी त्यांतला एक दिवस खोडायचा ठरवला, तर मुलं काय शिकतील याचा विचार करावा.

दुसरं म्हणणं असं की, इतक्या लहान मुलांना काही कळत नाही. चार वर्षांचं मूल रंगमंचावर रडतं, सहलीत झोपतं, मग हा खटाटोप कुणासाठी? निदान आपल्या जिल्ह्यात तरी हे कुणी बोलू नये. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचं काम करून १९४५ मध्ये बोर्डीला आल्या. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, आज पालघर जिल्ह्यात आहे. त्यांच्या सोबतीला अनुताई वाघ आल्या. मुलं शाळेत येत नाहीत असं दिसल्यावर ताराबाईंनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द आज देशभर रुळला आहे, त्या कल्पनेची पाळंमुळं बोर्डीच्या पाड्यांवरच्या या प्रयोगांत आहेत. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली, तिला नावही कुरणशाळा. परदेशी बनावटीची महागडी साधनं बाजूला ठेवून शिंपले, खडे, बिया, पानं यांतून मुलांना मोजायला आणि बघायला शिकवलं. मुलाची बुद्धी त्याच्या हातापायांतून आणि आसपासच्या माणसांतून वाढते, हे या दोघींनी आपल्या मातीत सिद्ध करून दाखवलं. ताराबाईंना पद्मभूषण मिळालं, अनुताईंना पद्मश्री. आणि त्यांच्याच जिल्ह्यात आपण म्हणायचं की लहान मुलाला घरात ठेवा, त्याला बाहेरचं काय कळतं?

माझ्या मुलीला काय कळतं ते मी गेल्या मार्गशीर्षात पाहिलं. गुरुवारच्या मांडणीला पाच प्रकारच्या झाडांची पानं लागतात. पहाटे सासूबाई तिला घेऊन वाडीत गेल्या. कुठलं पान हाताला चरबरतं आणि कुठलं गुळगुळीत लागतं, हे तिनं आपलं आपण शोधलं. चौथ्या गुरुवारी ती एकटीच वाडीत गेली आणि पाचही पानं बरोबर घेऊन आली. कुणी तिला झाडांचा तक्ता पाठ करायला लावला नव्हता. महालक्ष्मीची कहाणी तिला अजून कळत नाही, कळायची घाईही नाही. पानं मात्र कळली.

तिसरं म्हणणं आजारपणाचं आणि धोक्याचं. हे मी हलक्यात घेत नाही. पहाटे गारवा आणि दुपारी ऊन यात मुलांना सर्दी-खोकला होतो, तो घराघरांत आहे. रात्री अकरापर्यंत चालणारं स्नेहसंमेलन, पेंगुळलेली मुलं पडद्यामागे भिंतीला टेकलेली, हे मीही पाहिलं आहे आणि ते वाईटच आहे. पण मग वेळ बदला. आमच्या हवेत डिसेंबरची सकाळ आठ ते अकरा म्हणजे उघडं मैदान, कोवळं ऊन, मांडवाचीही गरज नाही, दिव्यांची तर नाहीच. थंड मुलखात हा कार्यक्रम बंद सभागृहात करावा लागतो. आम्हाला ती सक्ती नाही, तरी आम्ही तो रात्री बंद सभागृहात करतो. चूक कार्यक्रमाच्या वेळेत आहे, ती दुरुस्त करावी.

श्वासाची काळजी असेल तर तारापूरकडे बघा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१८ मध्ये केलेल्या मूल्यांकनात देशातल्या सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत तारापूर अगदी वर होतं. थंडीत जमिनीलगतची गार हवा वर चढत नाही, धूर तिच्यातच अडकून राहतो. बोईसरला सकाळी गाडीतून उतरलं की नाकाला ते समजतं. मुलांच्या छातीसाठी भांडायचं तर त्या धुराशी भांडू, मी पहिली सही करीन. शाळेतली लिंबू-चमच्याची शर्यत बंद करून कुणाचा खोकला थांबणार आहे?

सहलीच्या धोक्याचंही तसंच. २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या महाविद्यालयातली मुलं बुडाली, ते कुणी विसरलेलं नाही. त्यानंतर नियम कडक झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. बालवर्गाला समुद्रात उतरवू नका, दर आठ-दहा मुलांमागे एक मोठं माणूस ठेवा, अंधार पडण्याआधी परत या. यातलं काहीही सांगा, आम्ही पालक सोबत येऊ. पण सहल बंद केली म्हणजे मूल सुरक्षित झालं, या समजुतीत राहू नये. वैतरणा खाडीवरच्या दोन रेल्वेपुलांच्या मध्ये वाढीव गाव आहे. तिथली माणसं वर्षानुवर्षं स्टेशन गाठायला रेल्वेच्या पुलावरून चालत आली आहेत आणि त्यात जीव गेले आहेत. आमच्या मुलांच्या आयुष्यातला धोका असा रोजच्या वाटेवर आहे. एका दिवसाच्या सहलीवर त्याचं खापर फोडून तो कमी होत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला बसले ती सांगते. आमच्या घरच्या मुलांचा शाळेतला डिसेंबर काढून घेतला, तरी त्यांना काहीतरी उरेल. मामाच्या घरचं लग्न उरेल, उकडहंडी उरेल, रविवारी केळव्याचा किनारा उरेल. पण आपल्या जिल्ह्यातला डिसेंबर सगळ्यांना सारखा नाही. जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची आदिवासी कुटुंबं भात झोडून झालं की बिऱ्हाड बांधून वीटभट्ट्यांवर निघतात. उचल आधीच घेतलेली असते, ती फिटेपर्यंत मुक्काम तिथेच, थेट पावसाच्या तोंडापर्यंत. सोबत मुलंही येतात. शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, तरी भट्टीच्या कडेला मुलं दिसतात. मी जाते त्या रस्त्यावर एक भट्टी आहे. गेल्या डिसेंबरात तिथे सात-आठ वर्षांची एक मुलगी उकिडवी बसून कच्च्या विटा फिरवत होती. विटेची एक बाजू सुकली की दुसरी उन्हाकडे करायची. काम हलकं, म्हणून ते लहान हातांकडे जातं. तिच्यापुढे विटांची रांग होती आणि रांग संपली की पुढची रांग. कुटुंबाची डिसेंबरातली धावपळ म्हणतात ती तिच्या घरीही होती.

अशी काही मुलं आमच्या शाळेत येतात. शिक्षक भट्टीवर जाऊन त्यांना घेऊन येतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यांतला एक मुलगा गेल्या वर्षीच्या क्रीडादिनी पोत्याच्या शर्यतीत पहिला आला. बक्षीस कंपासपेटीचं होतं. दिवसभर त्यानं ती बगलेत धरून ठेवली, जेवतानाही खाली ठेवली नाही. दुसऱ्या दिवसापासून तो रोज यायला लागला, आणि भट्टी उठेपर्यंत आला. अशा मुलाला शाळेत खेचून आणायला डिसेंबरात शाळेकडे दुसरं काय आहे? गणिताचा धडा त्याला भट्टीवरून ओढून आणणार नाही. मैदान आणेल, नाच आणेल, सहल आणेल. मोखाड्याच्या डोंगरातलं मूल समुद्र पहिल्यांदा पाहतं ते बहुधा शाळेच्या सहलीतच. शैक्षणिक सहलीला एसटी भाड्यात निम्मी सवलत देते ती अशा मुलांसाठीच. आपण दमलो म्हणून हे बंद करू, तर आपल्या मुलांचा एक दिवस जाईल आणि त्यांचं वर्षातलं एकुलतं बोलावणं जाईल.

राहिलं शेवटचं म्हणणं, आईवर पडणारा भार. ते शंभर टक्के खरं आहे. पत्र लिहिणाऱ्या बहुतेक आयाच आहेत, आणि त्या थकल्या आहेत म्हणूनच हे पत्र आलं. पोशाख आईनं शोधायचा, डबा आईनं करायचा, सवाष्णींची पुरणपोळी आईनं लाटायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळची गाडीही तिनंच पकडायची. हा अन्याय आहे. पण मुलाचा आनंद कापून तो अन्याय मिटत नाही. जानेवारीत तो दुसऱ्या रूपानं परत येतो, हळदीकुंकवाच्या, मग परीक्षेच्या. भार वाटायला हवा, आणि वाटता येतो. गेल्या वर्षी शाळेत पोशाख घालून जायच्या दिवशी सकाळी माझा नवरा तिसऱ्या पाळीहून सातला घरी आला. अंगाला अजून कारखान्याचा वास होता. मी मुलीची वेणी घालत होते. त्यानं बूट काढले, हात धुतले आणि मुलाला कोळ्याचा रुमाल नेसवायला बसला. पहिल्यांदा सुटला, दुसऱ्यांदा सुटला, तिसऱ्यांदा त्यानं आपल्या लहानपणीची गाठ आठवून मारली आणि ती संध्याकाळपर्यंत टिकली. त्या दिवसापासून पोशाख हे खातं त्याचं.

काही गोष्टी कापायला हव्यात, त्या मीच सांगते. भाड्याचे चमकी लावलेले पोशाख कापा. घरातली साडी, लुंगी, टोपली, सुपं पुरेशी आहेत. मुलांना सिनेमाच्या गाण्यावर महिनाभर घोटवून घेणं कापा. त्यांना येतं ते करू द्या, रडलं तर रडू द्या. नाताळला एकमेकांना विकतच्या भेटवस्तू देण्याची सक्ती कापा. दर दोन दिवसांनी येणारी चिठ्ठी कापा आणि महिन्याचं वेळापत्रक एक तारखेला हातात द्या, म्हणजे पाळीच्या नोकरीतल्या बापांनाही सुट्टी टाकता येईल. बालवर्गाची सहल दूर नेऊ नका. जवळच्या वाडीत न्या, पानवेल बघू द्या, खाचरातल्या वालाच्या शेंगा तोडू द्या. अशी सहल दुपारच्या झोपेआधी आटपते आणि तिला खर्चही फारसा येत नाही.

माझ्या घरी शिलाई मशीन आहे. डिसेंबरातले चारही शनिवार संध्याकाळी चार ते सात मी ते अंगणात मांडून बसेन. ज्यांना पोशाख शिवायचा आहे त्यांनी जुनं कापड घेऊन यावं. सासूबाई मुलांना वाडीत फिरवतील, पानं ओळखायला शिकवतील. भट्टीवरच्या मुलांच्या पोशाखांसाठी कापड आधी बाजूला काढू, मग आपल्या मुलांचं बेतू. शनिवारच्या सभेत मी एवढंच मागणार आहे की, कार्यक्रम रद्द करण्याआधी आपल्यातल्या प्रत्येकानं आपण कुठलं एक काम उचलतो ते फळ्यावर लिहावं. माझं नाव मी पहिलं लिहीन, आणि त्याखाली माझ्या नवऱ्याचं.